सुतळीचे पहिले दिवस: कॉर्न स्नेकचं पिल्लू घरी आणल्यावर

सुतळी घरी आली तेव्हा तिचं वजन 7 ग्रॅम होतं. स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर झाकणाची डबी ठेवून, काटा शून्यावर आणून, मग तिला आत सोडून मोजलेलं. लांबी हाताच्या वितीपेक्षा थोडी जास्त, जाडी पेन्सिलीपेक्षा कमी. नारिंगी अंगावर काळ्या कडेचे लालसर डाग, आणि पोटाखाली काळ्यापांढऱ्या चौकटी, बुद्धिबळाच्या पटासारख्या. कॉर्न स्नेक हे नाव या चौकटींमुळे पडलं, कारण त्या रंगीत मक्याच्या कणसासारख्या दिसतात, असं काही जण सांगतात. मक्याच्या कोठारात उंदरांमागे येणारा साप म्हणून हे नाव पडलं, असं इतर सांगतात. शास्त्रीय नाव पँथेरोफिस गट्टाटस. मूळ घर अमेरिकेचा आग्नेय भाग. विषारी नाही. भक्ष्याला विळखा घालून मारतो.

पहिल्या काही आठवड्यांत मी जेवढ्या चुका केल्या, त्यातल्या बहुतेक प्रेमापोटी केल्या. सारखं झाकण उघडून बघणं, ‘ती दिसत नाही’ म्हणून लपण, म्हणजे तिची लपायची जागा, उचलणं, खाल्लं की लगेच कौतुकानं हातात घेणं. म्हणून हे लिहिते आहे. यात सामानाची यादी कमी सापडेल आणि ‘हात आवरा’ जास्त वेळा.

आणण्याआधी दोन गोष्टी उरकून घ्या. तुम्ही राहता तिथे हा साप पाळायला कायद्यानं परवानगी आहे का, ते तपासा. सगळीकडे नसते. ऑस्ट्रेलियात तर कॉर्न स्नेक पाळता येत नाही. दुसरं म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर प्रत्येक वेळी सापाला हात लावतीलच असं नाही, आणि रात्री अकरा वाजता हे कळणं फार वाईट.

पिल्लू घेताना ते बंदिस्त जागेत जन्मलेलंच असावं, आणि देणाऱ्याला विचारा: यानं किती वेळा खाल्लं? काय खाल्लं? गोठवून वितळवलेलं भक्ष्य खातं की फक्त जिवंत? शेवटचं कधी खाल्लं, कात कधी टाकली? निदान तीनचार वेळा सलग आपणहून खाल्लेलं पिल्लू घ्या. ज्याची नोंदच नाही ते घेऊ नका, रंग कितीही मोहात पाडो. रंगांचं तर विचारूच नका. काळा रंग नसलेले लाल डोळ्यांचे, पांढरट, राखाडी, असे शेकडो प्रकार पैदास करणाऱ्यांनी तयार केले आहेत. सांभाळायची पद्धत सगळ्यांची एकच.

आता डबा. हो, डबाच. मी आधी मोठी सुंदर काचेची पेटी आणली होती. एवढंसं पिल्लू मोठ्या उघड्या जागेत घाबरून जाईल आणि खाणार नाही, असं सगळे सांगतात. खरं तर अडचण पेटीच्या आकाराची नसते, रिकामेपणाची असते. भरपूर आडोसा, पानं, नळकांडी, फांद्या असतील तर मोठी पेटीही चालते. पण पहिल्यांदाच पाळत असाल तर साधारण 40 सेंटिमीटर लांबीचा, कडीचं झाकण असलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या. कडेला बारीक छिद्रं पाडा. डबा लहान असला की पिल्लू सापडतं, तापमान सांभाळता येतं आणि ते खातंय का हे नीट कळतं.

बारीक म्हणजे खरंच बारीक. जिथून डोकं जातं तिथून सगळा साप जातो, हा नियम पाठ करा. झाकण हलकं बसत असेल तर क्लिपा लावा.

आत काय हवं ते थोडक्यात. पहिल्या महिन्यात खाली साधा स्वयंपाकघरातला कागदी टॉवेल घाला. दिसायला रुक्ष, पण विष्ठा दिसते, ओकलं तर दिसतं, आणि माइट्स नावाचे काळे बारीक किडे असले तर पांढऱ्यावर लगेच उठून दिसतात. पुढे सगळं सुरळीत झालं की अॅस्पेन लाकडाचा भुसा घालता येतो, त्यात हे साप बोगदे करतात आणि ते बघण्यासारखं असतं. देवदार आणि पाइनचा भुसा नको, त्यातल्या तेलांचा वास सापाला घातक ठरतो. दोन लपणं हवीत, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. एकच असलं तर सापाला ऊब आणि सुरक्षितपणा यातलं एक निवडावं लागतं, आणि पिल्लू दरवेळी सुरक्षितपणा निवडतं, मग अन्न पचत नाही. लपण घट्ट असावं, अंग सगळ्या बाजूंनी टेकेल इतकं. सुतळीचं पहिलं लपण म्हणजे टॉयलेट रोलचं पुठ्ठ्याचं नळकांडं, कापून अर्धं केलेलं. महागड्या गुहेपेक्षा तिला तेच आवडलं. पाण्याची वाटी जड आणि उथळ हवी. पाणी रोज बदला. त्यात ती घाण करणारच.

उष्णतेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण इथेच बहुतेकांचं बिघडतं.

सापाला स्वतःच्या शरीरात ऊब तयार करता येत नाही. तो उबेकडे जातो, पुरे झाली की बाजूला सरकतो. म्हणजे डब्यात दोन हवामानं हवीत. उबदार टोकाची जमीन 28 ते 30 अंश सेल्सिअस, थंड टोक 22 ते 24. रात्री थोडं उतरलं तरी चालतं. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, डब्याच्या खाली, बाहेरून, आणि फक्त एका टोकाच्या एक तृतीयांश भागाखाली. डबा चारी कोपऱ्यांवर थोडा उचललेला असावा, नाहीतर उष्णता खालीच कोंडते.

आणि थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणाऱ्या उपकरणाशिवाय, मॅट लावू नका. ‘माझ्या मॅटचं तापमान आपोआप मर्यादित असतं’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरीही. माझ्या मॅटवर तसंच लिहिलं होतं. पहिल्या दिवशी सहज म्हणून मी डिजिटल थर्मामीटरचं टोक कागदी टॉवेलखाली ठेवलं आणि तासाभरात आकडा 39 झाला. नशीब, सुतळी अजून घरी यायची होती. सापाला पोटाखालची भाजणारी उष्णता वेळेवर कळत नाही, तो तिथेच बसून राहतो आणि पोट भाजून निघतं. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि डबा यांच्यामध्ये पक्का चिकटवा. त्याचा आकडा आणि आतल्या जमिनीचा आकडा एक नसतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवून दोन दिवस जुळवाजुळव करा. हे दोन दिवस पिल्लू आणण्याच्या आधीचे. भिंतीला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर शोभेचे असतात, सापाच्या पोटाखाली किती आहे ते त्यांना काय कळणार?

आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या आसपास असली की पुरे. कात टाकायच्या वेळी थोडी जास्त, त्याबद्दल पुढे.

पिल्लू घरी आलं. आता काय करायचं?

काही नाही. त्याच्या प्रवासाच्या डबीचं झाकण उघडा, डबी मोठ्या डब्यात आडवी ठेवा, झाकण लावा, आणि निघून जा. ते आपणहून बाहेर येईल, रात्री. पहिले पाच ते सात दिवस हात लावायचा नाही, फोटोसाठीही नाही, पाहुण्यांना दाखवायलाही नाही. पाणी बदलायचं, विष्ठा उचलायची, एवढंच. डबा वर्दळीच्या खोलीत असेल तर तीन बाजूंनी कापड टाका. मी पहिल्या तीन दिवसांत दिवसाला आठदहा वेळा लपण उचलून बघितलं असेल. चौथ्या दिवशी तिनं इंग्रजी एस अक्षरासारखी मान वळवून माझ्या बोटावर झडप घातली, आणि शेपटीचं टोक कागदावर इतक्या जोरात थरथरवलं की खुळखुळ ऐकू आली. विषारी खुळखुळ्या सापासारखी (रॅटलस्नेक). सात ग्रॅमचा जीव, पण आव केवढा! चावा म्हणाल तर खरबरीत कापड घासल्यासारखा. मला तेव्हा हसू आलं. त्या आठवड्यात तिनं अन्न घेतलं नाही तेव्हा हसू गेलं.

पाचसहा दिवस झाले की पहिलं जेवण द्या. या वयाला पिंकी, म्हणजे उंदराचं नुकतंच जन्मलेलं, अंगावर केस नसलेलं पिल्लू, गोठवलेलं. मोजमाप सोपं आहे. भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकं, फार तर दीडपट जाड. दर पाच ते सात दिवसांनी एक. जिवंत देऊ नका असं मी सांगेन. मोठ्या वयात जिवंत उंदीर सापालाच चावून जखमी करतात, आणि गोठवलेल्याची सवय लहानपणीच लागलेली बरी.

पिंकी रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या, मग झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा. बोटाला स्पष्ट ऊब लागली पाहिजे, साधारण 38-40 अंश. आतून थंड राहिली तर साप घेत नाही, किंवा घेतो आणि ओकतो. मायक्रोवेव्ह अजिबात नको. एकतर ती आतून शिजते, नाहीतर फुटते, आणि तो मायक्रोवेव्ह तुम्हाला परत वापरायचा असतो. वितळलेली पिंकी पुन्हा गोठवायची नाही. भांडी, चिमटा, पिशव्या सगळं सापासाठी वेगळं ठेवा.

संध्याकाळी, दिवे मंद करून, लांब चिमट्यानं पिंकी कमरेपाशी धरून लपणाच्या तोंडाशी न्या. नाकावर आदळू नका. हळूच हलवा. जीभ भरभर आतबाहेर व्हायला लागली की थांबा. घेतली तर चिमटा सोडून द्या आणि मागे सरा. न घेतल्यास पिंकी एका छोट्या झाकणावर लपणासमोर ठेवून रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी उरलेली फेकून द्या.

सुतळीनं पहिली पिंकी नाकारली. दुसरीही. मी घाबरले, रोज देऊन बघू लागले, म्हणजे रोज डबा उघडू लागले. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये म्हणतात, माझं उलट होतं, कठीण लागतंय म्हणून मी जास्तच खणत होते. शेवटी मला पिल्लू देणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितलं, ‘आठ दिवस तिचं अस्तित्व विसरा.’ तसं केलं. मग एका छोट्या हवेशीर डबीत कागदी टॉवेलचा चुरा, त्यात सुतळी आणि उबदार पिंकी, आणि ती डबी रात्रभर मोठ्या डब्यातच, उबदार टोकाला. सकाळी डबीत फक्त सुतळी होती, मध्यभागी फुगलेली.

यानंतरही पिल्लू खात नसेल तर पिंकीच्या डोक्याला सुईनं टोचून आतला थोडा ओलावा वर आणतात, त्या वासानं पुष्कळ पिल्लं तयार होतात. ऐकायला किळसवाणं आहे, करायला त्याहून जास्त, पण चालतं. जंगलात ही पिल्लं पाली आणि झाडावरचे छोटे बेडूक खातात, म्हणून काहींना उंदीर हे अन्न आहे हेच सुरुवातीला उमगत नाही. जबरदस्तीनं तोंडात घालणं हे जाणत्याचं काम आहे, तुम्ही करू नका. निरोगी पिल्लू दोनतीन जेवणं चुकवून मरत नाही. वजन घसरत असेल, कणा वर दिसायला लागला असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जा.

म्हणून वजनाची वही ठेवा. तारीख, वजन, खाल्लं की नाही, विष्ठा, कात. माझ्या वहीत पहिल्या पानावर सलग तीन ‘नाही’ आहेत. डॉक्टरांपुढे ठेवायला याहून चांगलं काही नसतं.

खाल्ल्यावर 48 तास हात लावायचा नाही. हे मी वाचलं होतं, मला माहीत होतं, तरी चौथ्या जेवणानंतर दुसऱ्याच दिवशी मी तिला हातात घेतलं. मैत्रीण आली होती. दहा मिनिटांत सुतळीनं तोंड उघडलं आणि अर्धवट पचलेली पिंकी माझ्या तळहातावर परत आली. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. ओकणं सापासाठी साधी गोष्ट नाही, जठरातला आम्ल रस वर येतो, अन्ननलिका दुखावते. ओकला तर 10 ते 14 दिवस काहीही द्यायचं नाही, फक्त पाणी. मग नेहमीपेक्षा लहान पिंकी, नाहीतर अर्धी. उबदार टोकाचं तापमान पुन्हा मोजायचं, कारण थंड डबा हे ओकण्याचं दुसरं मोठं कारण. तिसरं, फार मोठं भक्ष्य. दुसऱ्यांदा ओकला तर घरी प्रयोग करत बसू नका, डॉक्टर गाठा.

हाताळायला सुरुवात कधी? सलग दोनतीन जेवणं पोटात राहिली की. पहिल्यांदा पाच मिनिटं, आठवड्यातून दोनतीनदा. वरून हात आणू नका, वरून येतो तो शिकारी पक्षी. बाजूनं, खालून, एकदाच ठामपणे ओंजळीत उचला. मान पकडू नका. ती एका हातातून दुसऱ्या हातात सरकत राहील, तुम्ही हात पुढे करत राहा. जमिनीवर किंवा पलंगावर बसून हे करा, उभं राहून नाही. घाबरली तर शेपटीखालून घाण वासाचा द्रव सोडेल. साबणानं जातो, दुसऱ्या धुण्यात. पिंकी हाताळलेल्या हातानं तर जवळ जाऊच नका, बोट आणि जेवण यातला फरक ती वासावरून करते.

आणि हात धुवा. आधीही, नंतरही. दिसायला निरोगी असलेल्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला, म्हणजे माणसाला जुलाब आणि ताप आणणारा जीवाणू, असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांच्यापासून साप आणि त्याची भांडी दूर ठेवा. पाण्याची वाटी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायची नाही.

एक दिवस तिचा रंग मळका वाटेल, पोट गुलाबीसर दिसेल, मग डोळे निळसर दुधाळ होतील. पहिल्यांदा बघणारे आंधळी झाली म्हणून रडतात. कात टाकायची तयारी आहे ती. तिला या काळात नीट दिसत नाही, म्हणून चिडते, जेवत नाही. हात लावू नका. एका झाकणाच्या डबीला भोक पाडून आत ओलसर स्फॅग्नम शेवाळ ठेवा, पिळून पाणी टपकणार नाही इतपत ओलं. डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर चारपाच दिवसांत कात येते. वाढत्या पिल्लांची साधारण चार ते सहा आठवड्यांनी. कात एकसंध, मोजा उलटा काढल्यासारखी निघाली पाहिजे. ती उलगडून दोन गोष्टी बघा: डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक टोप्या निघाल्या का, आणि शेपटीचं टोक निघालं का. टोकाला राहिलेली कात वाळून आवळते आणि रक्त थांबून टोक सुकून पडतं. तुकडे राहिले असतील तर कोमट ओल्या कापडाच्या डबीत वीसतीस मिनिटं ठेवा, ती कापडातून सरपटत स्वतःच सोडवून घेते. डोळ्यावरची टोपी नखानं, चिमट्यानं काढायला जाऊ नका. पुढच्या कातीबरोबर बहुधा निघते, नाहीतर डॉक्टर.

डॉक्टरांकडे लगेच न्यायची आणखी कारणं: तोंड उघडं ठेवून श्वास, नाकातोंडाशी बुडबुडे, श्वासात शिट्टीसारखा आवाज. पाण्याच्या वाटीत तासन्‌तास बसून राहिली आणि तळाशी काळे ठिपके दिसले तर माइट्स समजा.

आता ज्या गोष्टीची मला अजून लाज वाटते ती. तिसऱ्या महिन्यात मी झाकणाची एक कडी लावायला विसरले. सकाळी डबा रिकामा. मग जे व्हायचं ते झालं, घरातली प्रत्येक चार्जरची वायर, चपलेचा बंद, मी साप म्हणून भुई धोपटत सुटले. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी त्या खोलीचं दार बंद करा, दाराखालची फट कापडानं बुजवा, मोऱ्यांची आणि शौचालयाची झाकणं बंद करा. घरातलं मांजर दुसरीकडे हलवा. साप बहुतेक वेळा जवळच असतो, अंधारात, भिंतीलगत, कुठल्यातरी उबदार वस्तूच्या मागे. भिंतीच्या कडेनं पिठाची पातळ रेघ ओढा, रात्री ती सरकली की माग उमटतो. रात्री दिवे बंद करून तासातासानं टॉर्च घेऊन फिरा. पाण्याची वाटी आणि तिचं जुनं, तिच्या वासाचं लपण जमिनीवर ठेवा. सुतळी सहाव्या रात्री सापडली, वाय-फाय राउटरच्या मागे वेटोळं घालून. उबदार, अंधारी, घट्ट जागा. मी डब्यात जे द्यायची धडपड करत होते, ते तिनं स्वतः शोधलं होतं. सापडली नसती तर एक गोष्ट नक्की होती: या सापांना जाणूनबुजून बाहेर सोडायचं नसतं, कधीच. बहामासारख्या बेटांवर ते आधीच उपरे म्हणून पसरले आहेत.

वर्षभरात पिल्लू साधारण दोन फुटांचं होतं, डबा बदलावा लागतो. पिंकीवरून केस फुटलेल्या पिल्लांवर, मग छोट्या उंदरांवर जायचं, आणि दोन जेवणांतलं अंतर हळूहळू वाढवायचं. पूर्ण वाढलेल्याला आठदहा ते चौदा दिवसांनी एक पुरतो, जास्त दिलं तर तो नुसता लठ्ठ होतो. पूर्ण वाढ तीन ते पाच फूट. त्याला निदान 120 सेंटिमीटर लांबीची, चढायला फांद्या असलेली पेटी लागते, कारण हे साप चढण्यात पटाईत. माझी ती सुंदर काचेची पेटी तेव्हा कामी आली. पंधरा-वीस वर्षं जगतात, हे घेण्याआधी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

नर की मादी हे पिल्लाच्या शेपटीवरून ओळखता येतं म्हणतात, पण तपासणं जाणत्याच्या हातूनच करा, दाबताना इजा होते. मी दुसऱ्या वर्षी डॉक्टरांकडून करून घेतलं. सुतळी नर निघाली. वहीत अजून ‘ती’च लिहिते.